हॉवर्थ : एक चरित्र आणि एक अहवाल

गेले दोन महिने आम्ही दोन पुस्तकं समोरासमोर ठेवून वाचत होतो. आजचं बोलणं त्या वाचनाबद्दल आहे. पहिलं पुस्तक प्रसिद्ध आहे : एलिझाबेथ गॅस्केल या कादंबरीकार बाईंनी लिहिलेलं शार्लट ब्राँटीचं चरित्र, साल १८५७. दुसऱ्याला पुस्तक म्हणावं की नाही यावरून आमच्यात थोडा वाद झाला. तो एक सरकारी अहवाल आहे, १८५० सालचा. लिहिणारा इंजिनियर. विषय गटारं, पिण्याचं पाणी आणि दफनभूमी. दोन्हींमधलं गाव मात्र एकच, इंग्लंडच्या उत्तरेला यॉर्कशर परगण्यातलं हॉवर्थ.

ब्राँटी बहिणींची ओळख करून द्यायला नको. 'जेन एअर' आणि 'वुदरिंग हाइट्स' आपल्याकडे इंग्रजी साहित्याच्या वर्गांतून कितीतरी वर्षं वाचल्या जातात. ज्यांनी वाचल्या नसतील त्यांनी दिलीपकुमारचे 'संगदिल' आणि 'दिल दिया दर्द लिया' पाहिले असतील, म्हणजे त्याच दोन गोष्टींची रूपं पाहिली. या बहिणींचं नाव घेतलं की एक चित्रही आपोआप डोळ्यांसमोर येतं. ओसाड माळरान, घोंघावणारा वारा, टेकडीवर एकटं घर, दारात थडगी, आत तीन खोकणाऱ्या मुली लिहीत बसलेल्या आणि शेजारच्या खोलीत एक विक्षिप्त बाप. हे चित्र बऱ्याच अंशी गॅस्केलबाईंनी रंगवलं. आमचं म्हणणं असं की ते रंगवताना एका गावावर अन्याय झाला, आणि त्यामुळे आपण पुढे कादंबऱ्याही थोड्या चुकीच्या वाचायला लागलो.

आधी एक कंटाळवाणी गोष्ट उरकून टाकू, कारण तिच्यावाचून पुढचं कळायचं नाही. पॅरिश म्हणजे काय? वसईकडच्या ख्रिस्ती मंडळींच्या मराठीत त्याला धर्मग्राम असा छान शब्द आहे. एक चर्च, एक धर्मगुरू आणि त्याच्या हद्दीतली घरं. इंग्लंडच्या दक्षिणेत बहुतेक ठिकाणी एक गाव म्हणजे एक पॅरिश, असा सुटसुटीत हिशोब. उत्तरेत जमीन डोंगराळ, वस्ती विरळ, त्यामुळे एकेक पॅरिश मैलोन्‌मैल पसरलेली, आणि तिच्या पोटात अनेक टाउनशिप. आपल्याकडे टाउनशिप म्हटलं की बिल्डरची जाहिरात आणि पोहायचा तलाव आठवतो. तो अर्थ विसरा. ही टाउनशिप म्हणजे मोठ्या कसब्याखालच्या वाड्या-वस्त्यांसारखी, फक्त हिला स्वतःची पट्टी वसूल करायचा अधिकार होता. १६६२ च्या कायद्यात यॉर्कशर, लँकशर अशा उत्तरेकडच्या परगण्यांसाठी खास सोय केली होती : पॅरिश आवाक्याबाहेर मोठी असेल तर गरिबांना पोसायचं काम एकेका टाउनशिपने करावं. थोडक्यात, आत्मा पॅरिशकडे आणि पोट टाउनशिपकडे.

हॉवर्थ ही ब्रॅडफर्ड पॅरिशमधली अशी एक टाउनशिप. तिच्यात हॉवर्थ गाव, पलीकडचं स्टॅनबरी आणि दोन ऑक्सनहोप, जवळचं आणि लांबचं. ब्रॅडफर्डचं मुख्य चर्च सुमारे १० मैलांवर. हॉवर्थला होतं ते कायद्याच्या भाषेत पोटचर्च. म्हणून शार्लटचे वडील पॅट्रिक ब्राँटी ४१ वर्षं तिथे राहिले तरी पूर्ण अधिकाराचे व्हिकार कधीच झाले नाहीत, कायमचे क्युरेट. आणखी एक गंमत. ज्या थॉर्नटन गावी शार्लट, ब्रॅनवेल, एमिली आणि अ‍ॅन ही चार भावंडं जन्मली, तेही याच ब्रॅडफर्ड पॅरिशमधलं. १८२० साली हे कुटुंब गाड्यांवर सामान लादून डोंगरापलीकडून हॉवर्थला आलं, तेव्हा कागदोपत्री त्यांनी पॅरिश सोडलीच नव्हती.

आता गॅस्केलबाईंच्या पुस्तकाकडे वळू. त्यांच्या दुसऱ्या प्रकरणात एक प्रसंग आहे, जो एकदा वाचला की विसरता येत नाही. पॅट्रिक येण्याच्या थोडं आधी, १८१९ मध्ये, सॅम्युएल रेडहेड नावाच्या धर्मगुरूंना हॉवर्थला नेमलं. पहिल्या रविवारी उपासना मध्यावर आली आणि सगळं चर्च उठून चालायला लागलं. पायांत लाकडी तळाचे बूट, त्यांचा खडखडाट, आणि मागे उरले रेडहेड आणि त्यांचा मदतनीस. दुसऱ्या रविवारी एक माणूस गाढवावर उलटा बसून, डोक्यावर टोप्यांची चवड रचून, थेट चर्चच्या आत फिरला. तिसऱ्या रविवारी धुराडी साफ करणाऱ्या एका झिंगलेल्या माणसाला पुढे बसवलं, आणि काजळीने भरलेला तो गडी शेवटी बिचाऱ्या रेडहेडांना जाऊन भिडला. रेडहेडांनी गाव सोडलं.

किस्सा भन्नाट आहे आणि बाईंनी तो सांगितलाही भन्नाट. पण त्या तो कशाचा पुरावा म्हणून सांगतात? इथली माणसं किती रांगडी, किती अर्धवट रानटी आहेत, याचा. आता टाउनशिपच्या बाजूने बघा. क्युरेटचा पगार ज्या जमिनींच्या उत्पन्नातून निघायचा, त्या जमिनी एलिझाबेथ राणीच्या काळापासून स्थानिक विश्वस्तांच्या ताब्यात होत्या. नेमणूक करणार ब्रॅडफर्डचा व्हिकार, पैसे देणार हॉवर्थचे लोक. व्हिकारने आम्हाला न विचारता माणूस पाठवला तर आम्ही पगार का द्यावा, असा साधा सवाल होता. खुद्द पॅट्रिक ब्राँटींनाही १८१९ मध्ये व्हिकारने असंच परस्पर नेमलं होतं. विश्वस्तांनी त्यांना सांगितलं की तुमच्याबद्दल आमची तक्रार नाही, नेमण्याच्या पद्धतीबद्दल आहे. पॅट्रिक शहाणे, त्यांनी माघार घेतली. रेडहेड प्रकरणानंतर १८२० मध्ये तडजोड झाली, दोन्ही बाजूंनी मिळून पॅट्रिक यांचं नाव दिलं, आणि काय आश्चर्य, गाढव नाही की काजळी नाही. तेच रांगडे लोक, तेच लाकडी बूट, पण आता शांतपणे बाकांवर बसलेले. आपल्याकडे ग्रामसभेत गोंधळ झाला की शहरातला माणूस 'खेडवळपणा' म्हणून मोकळा होतो आणि ठराव काय होता ते विचारत नाही. तसंच झालं हे. विश्वस्तांच्या हक्काची हकिगत बाई सांगतात, अगदी नीट सांगतात. पण प्रकरणाचा सूर स्वभावाचा आहे, हक्काचा नाही. वाचकाच्या लक्षात गाढव राहतं.

बाईंना दिसत नव्हतं असं मात्र म्हणता येत नाही. त्या स्वतः मँचेस्टरमध्ये राहणाऱ्या, 'मेरी बार्टन' आणि 'नॉर्थ अँड साउथ' लिहिणाऱ्या. गिरणी आणि गिरणीकामगार त्यांच्याइतके फार थोड्या इंग्रज कादंबरीकारांना ठाऊक होते. चरित्राच्या पहिल्या प्रकरणात कीथलीहून हॉवर्थकडे जाताना त्या चक्क नोंदवतात की या रस्त्याला खेडं म्हणणंच कठीण आहे. बंगले, लोकरीच्या गिरण्या, कामगारांच्या घरांच्या रांगा. मग चढ लागतो. दगडी फरसबंदीची अरुंद गल्ली, घोड्याचा पाय घसरू नये म्हणून उभे रोवलेले दगड, आणि वर चर्च, घर, माळरान. त्या चढावर पुस्तकाचा डोळा बदलतो. खालच्या गिरण्या मागे पडतात त्या पडतातच. ऑक्सनहोपची माणसं, स्टॅनबरीची माणसं, घरोघरी लोकर विंचरणारी कुटुंबं, मेथडिस्ट आणि बाप्टिस्ट यांची स्वतंत्र सभागृहं, म्हणजे ज्याला आपण गाव म्हणतो ते सगळं, पार्श्वभूमीतला धूर होऊन जातं. पहिलं प्रकरण संपतं ते चर्चमधल्या ब्राँटी कुटुंबाच्या स्मृतिफलकावर. तिथे त्यांच्या नजरेने टिपलेला तपशील अप्रतिम आहे : सुरुवातीची नावं ऐसपैस अक्षरांत कोरलेली, आणि मरणं वाढत गेली तशी पुढची नावं दाटीवाटीने, ओळी आखडत आखडत बसवलेली. चरित्राच्या दारातच थडगं. पुढचं सगळं आयुष्य आपण त्या फलकाच्या उजेडात वाचतो.

असं का केलं असावं? आमच्या मते उत्तर १८४८ मध्ये आहे. 'जेन एअर' गाजली, पण तिच्यावर 'ग्राम्य', 'असभ्य', 'ख्रिस्ती बाईला न शोभणारी' असे शेरे बसले. त्या वर्षाच्या अखेरीस 'क्वार्टर्ली रिव्ह्यू'मध्ये एलिझाबेथ रिग्बी यांनी लिहिलेलं परीक्षण तर कुप्रसिद्धच आहे. शार्लट गेली १८५५ च्या मार्चमध्ये, आणि त्यानंतर तिच्याबद्दल नको ते छापून यायला लागलं म्हणून म्हाताऱ्या पॅट्रिकनीच गॅस्केलबाईंना चरित्र लिहायची विनंती केली. बाईंचं काम बचावाच्या वकिलाचं होतं. वकिलाने काय करावं? आरोप नाकारता येत नाही, कारण कादंबऱ्यांत तो दांडगेपणा आहे. मग तो कुठून आला ते दाखवायचं. मुलगी निर्मळ, कर्तव्यदक्ष, सोसणारी. दांडगेपणा आला तो गावाकडून, माळरानाकडून, वडिलांच्या लहरींकडून, भावाच्या दारूकडून. मुलीला निर्दोष सोडवायचं म्हणून गावाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं.

वडिलांनी काही किश्श्यांवर हरकत घेतली. इतरांनी कायद्याची धमकी दिली, पुस्तकाची प्रत मागे घ्यावी लागली आणि त्याच वर्षी सुधारलेली तिसरी आवृत्ती निघाली. गाव मात्र कुणाला नोटीस देणार?

खरं सांगायचं तर सुरुवात शार्लटनेच केली होती. १८५० मध्ये तिने बहिणींच्या पुस्तकांची नवी आवृत्ती काढली आणि 'वुदरिंग हाइट्स'ला प्रस्तावना लिहिली. त्यात तिने एमिलीची बाजू अशी मांडली की ही पोरगी माळावर वाढली, जगाशी तिचा संबंध नव्हता, तिने जे पाहिलं ते कोरलं. टीकेने घायाळ झालेल्या मोठ्या बहिणीची ती माया होती, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या मायेने एमिलीच्या डोक्यातली बुद्धी काढून तिथे वारा भरला.

आता दुसरं पुस्तक. पॅट्रिक ब्राँटींनी १८४९ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या आरोग्य मंडळाकडे गावकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज पाठवला. ती वेळ लक्षात घ्या. आदल्या सप्टेंबरात ब्रॅनवेल गेला, डिसेंबरात एमिली, मे महिन्यात अ‍ॅन. आठ महिन्यांत तीन मुलं. बाप ७२ वर्षांचा, दृष्टी कमजोर. आणि हा माणूस अर्ज लिहितोय तो गावाला स्वच्छ पाणी मिळावं म्हणून. गॅस्केलबाईंच्या पुस्तकातला तुसडा, खोलीत एकटा जेवणारा म्हातारा तो हाच. हेच पॅट्रिक १८३७ मध्ये नव्या गरीब कायद्याविरुद्ध हॉवर्थच्या जाहीर सभेत उभे राहिले होते, कारण गरिबांना वर्कहाउसमध्ये कोंबणारा तो कायदा त्यांना अमानुष वाटत होता. विक्षिप्तपणा असेल, पण तो पट्टी, पाणी आणि गरिबांची भाकरी यांत लक्ष घालणारा विक्षिप्तपणा होता.

१८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार, पट्टी भरणाऱ्यांपैकी दहाव्या हिश्श्याने अर्ज केला किंवा मृत्यूंचं प्रमाण हजारी २३ च्या वर असलं, तर सरकार निरीक्षक पाठवू शकत असे. निरीक्षक आले १८५० च्या एप्रिलमध्ये. नाव बेंजामिन हर्शेल बॅबेज. आडनाव ऐकून कान टवकारले असतील तर बरोबर आहे. गणकयंत्राची कल्पना मांडणाऱ्या चार्ल्स बॅबेजचा हा मुलगा. बापाने यंत्राला मोजायला शिकवायचा प्रयत्न केला, मुलाने हॉवर्थमधले संडास मोजले.

विनोद बाजूला ठेवू, कारण ती मोजदाद वाचताना आम्ही गप्प झालो होतो. संडास ६९, म्हणजे साधारण साडेचार घरांमागे एक. काही तर भर रस्त्यावर. घरांना टेकून उकिरडे. सार्वजनिक पाण्यासाठी मोजके हातपंप, त्यांतले काही बंद, आणि काही विहिरी. वरच्या अंगाच्या एका विहिरीला उन्हाळ्यात इतकं कमी पाणी की सोमवारी धुण्याचा दिवस म्हणून गरिबाघरच्या बायका पहाटे दोन-तीनलाच बादल्या घेऊन नंबर लावायच्या. कधी ते पाणी इतकं हिरवं आणि सडकं की गुरंही तोंड लावत नसत. लोकर विंचरणाऱ्यांच्या घरात लोखंडी फण्या तापवायला शेगडी रात्रंदिवस पेटलेली, उष्णता टिकावी म्हणून खिडक्या बंद, आणि त्याच खोलीत झोपायचं. चर्चलगतच्या दफनभूमीत दहा वर्षांत १,३४४ दफनं, म्हणजे आठवड्याला अडीच. आणि सगळ्यांत शेवटी दोन आकडे. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय २५.८ वर्षं. आणि दर शंभर मृत्यूंमागे ४१.६ सहा वर्षं पूर्ण न झालेल्या मुलांचे. बॅबेज यांची तुलना लंडनमधल्या सगळ्यांत रोगट मोहल्ल्यांशी आहे. मोकळी हवा, टेकडी, माळरान, आणि आकडे लंडनच्या गल्लीबोळांतले.

सरासरी २५ म्हणजे सगळे पंचविशीत मरत होते असं नव्हे, हे सांगायला हवं. लहान मुलांच्या मरणांनी ती सरासरी खाली ओढलेली असते. पण आम्ही एक साधं गणित केलं, ते तुम्हीही करून बघा. ब्राँटींची सहा मुलं. मारिया ११ व्या वर्षी गेली, एलिझाबेथ १० व्या, ब्रॅनवेल ३१, एमिली ३०, अ‍ॅन २९, शार्लट ३८. बेरीज १४९. सहाने भागा, २४.८. ज्याला आपण ब्राँटींचा शाप म्हणतो, ज्यावर काव्यमय लेख लिहिले जातात, तो गावाच्या सरासरीपासून एका वर्षाच्या अंतरावर आहे. स्मृतिफलकावरची दाटीवाटीची अक्षरं चर्चच्या आत होती. बाहेर त्याहून दाट गर्दी होती, तिला कुणी चरित्रकार मिळाला नाही.

इथे सावध राहायला हवं. विहिरीच्या पाण्याने एमिली गेली असं आम्ही म्हणत नाही. या भावंडांचा रोग बहुधा क्षय, तो पाण्यातून येत नाही, आणि थोरल्या दोघी आजारी पडल्या त्या कोवन ब्रिजच्या शाळेत. ब्राँटींच्या घराला स्वतःची विहीर होती आणि त्यांना पहाटे दोनला रांगेत उभं राहावं लागत नव्हतं. पॅट्रिक स्वतः ८४ वर्षं जगले. आमचा मुद्दा वेगळा आहे. मरण हे त्या घराचं वैशिष्ट्य नव्हतं. घराच्या खिडकीतून दिसणारी ती रोजची गोष्ट होती, आणि मुलींचे वडील ती पार पाडत होते.

हे डोक्यात ठेवून 'वुदरिंग हाइट्स' उघडा. नेहमीची तक्रार काय? लेखिका माणसं फार मारते, सगळे तरुणपणी मरतात, हा स्वच्छंदतावादी अतिरेक आहे. कॅथरीन १८ व्या वर्षी जाते, तिचा भाऊ हिंडली २७ व्या, इझाबेला तिशीच्या आसपास, तिचा मुलगा लिंटन विशीही गाठत नाही. लंडनच्या परीक्षकाला हा अतिरेक वाटला असेल. हॉवर्थच्या दफननोंदी ज्याने रोज पाहिल्या त्याला ही सामान्य यादी आहे. कादंबरीत मृत्यूच्या प्रसंगी फारसं रडगाणं नाही, माणसं लगेच घर, जमीन, वारसा यांच्या हिशोबाला लागतात, याचंही मग नवल वाटत नाही. जिथे आठवड्याला अडीच माणसं पुरतात तिथे शोकाला वेळ कमी आणि वाटणीला घाई.

आणि एमिलीला जगाचं काही ठाऊक नव्हतं म्हणणाऱ्यांनी गिमर्टनच्या चर्चबद्दलचा तो छोटासा परिच्छेद वाचावा. चर्च मोडकळीला आलंय, छप्पर जाणार, पण धर्मगुरू यायला तयार नाही. का? पगार वर्षाला फक्त २० पौंड, दोन खोल्यांचं घर, आणि गावकरी असे की माणूस उपाशी मेला तरी चालेल पण पदरचा एक पेनी वाढवून देणार नाहीत. लॉकवुडच्या तोंडी हे जाता जाता येतं आणि आपणही जाता जाता वाचतो. पण हे माळावरच्या वाऱ्याने शिकवलेलं नाही. पोटचर्च म्हणजे काय, पगार कुणाच्या हातात असतो, विश्वस्त आणि व्हिकार यांच्या ओढाताणीत क्युरेटचं काय होतं, हे जेवणाच्या टेबलावर ऐकत वाढलेल्या मुलीचं हे वाक्य आहे. रेडहेडच्या गाढवातून गॅस्केलबाईंना रानटीपणा दिसला. एमिलीला त्या भांडणातलं अर्थकारण दिसलं होतं, बाईंच्या दहा वर्षं आधी.

न्याय करायचा तर सांगितलं पाहिजे की चरित्रात पाण्याचा परिच्छेद आहे. निरीक्षक आले, दफनभूमी बंद करा म्हणाले, घरोघर पाणी न्या म्हणाले, म्हणजे दमलेल्या बायकांना चढावरून बादल्या वाहाव्या लागणार नाहीत, हे सगळं बाई सांगतात. आणि मग निकाल देतात : पट्टी भरणाऱ्यांनी हाणून पाडलं, शहाणपणावर संख्येने मात केली. एका वाक्यात अडाणी जमाव पुन्हा हजर. आमचा आक्षेप या वाक्याला आहे. ज्यांना पाणी हवं होतं त्या विहिरीवरच्या बायकांना मुळात अर्जावर किंवा विरोधावर वजनच नव्हतं, कारण आवाज होता पट्टी भरणाऱ्यांना. आणि विरोधात पुढे होते त्यांच्यात स्वतःचा झरा किंवा विहीर असलेले मालमत्तावाले होते. माझ्या अंगणात पाणी आहे, मग खालच्या गल्लीतल्या नळासाठी मी पट्टी का भरू? हद्द कुठवर धरायची, पट्टी कुणी भरायची, यावर घोळ चालला. संख्येने शहाणपणाला हरवलं नव्हतं, विहीरवाल्यांनी बिनविहिरीच्या माणसांना थोपवलं होतं. 'मेरी बार्टन'च्या लेखिकेला मँचेस्टरमध्ये हे लगेच दिसलं असतं.

बॅबेजच्या अहवालाची आम्ही आरती करत नाही. तो वाचायला रुक्ष आहे. दुर्गंधीतून रोग पसरतो असं तेव्हाच्या आरोग्य मंडळाचं ठाम मत होतं आणि बॅबेज त्याच चष्म्यातून बघतात. पाण्यातून पटकी पसरते हे जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटच्या पंपावरून दाखवलं ते १८५४ मध्ये. सपाट शिळांनी जमीन झाकली जाते, झाडं उगवत नाहीत, म्हणून थडग्यांवर उभे दगड लावा, असंही ते सांगतात. त्या सपाट शिळांचा उपयोग बायकांना काय होता, ते त्यांच्या तक्त्यात बसत नाही. तो होता धुणं वाळत घालायला. पहाटे दोनला मिळवलेल्या पाण्यात धुतलेले कपडे थडग्यांवर पसरलेले! १८४७ च्या सुमारास तरुण क्युरेट आर्थर बेल निकोल्स, म्हणजे पुढे शार्लटचा नवरा, याने पवित्र जागेचा मान राखा म्हणून ही पद्धत बंद पाडायचा चंग बांधला. गावात रुसवेफुगवे झाले आणि पॅट्रिकनी त्यावर गमतीचं पद्य रचलं. चरित्रातल्या त्या काळ्याकुट्ट दफनभूमीत ओल्या चादरी फडफडताना आम्हाला दिसल्या, तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इथे माणसं राहत होती. दोरी बांधायला अंगण नसेल तर मेलेल्यांची जागा घ्यायची, आणि मेलेल्यांची हरकत नसते.

पॅट्रिक पुढेही मंडळाला पत्रं लिहीत राहिले. गावासाठी पाण्याचा तलाव झाला तो १८५८ मध्ये. अर्जानंतर ९ वर्षांनी, शार्लट गेल्यावर तीन, चरित्र छापून झाल्यावर एक. पॅट्रिक तेव्हा ८१ वर्षांचे होते. चरित्र वाचून भाविक वाचक तोवर हॉवर्थला येऊ लागले होते. १८७९ मध्ये नंतरच्या धर्मगुरूंनी, जॉन वेड यांनी, जुनं ओलसर चर्च मनोरा तेवढा ठेवून पाडायला घेतलं, तेव्हा बाहेरच्या साहित्यप्रेमींनी केवढा आरडाओरडा केला. ब्राँटी ज्या बाकावर बसल्या ते बाक जपा. नवं चर्च १८८१ मध्ये उभं राहिलं. खाली थडगी आणि भिंतींना ओल असलेल्या त्या जुन्या इमारतीत दर रविवारी बसायचं कुणाला होतं, हे लांबून पत्रं लिहिणाऱ्यांनी विचारलं नाही.

अलीकडच्या अभ्यासकांनी यातलं बरंच दुरुस्त केलंय. ज्युलिएट बार्कर यांचं १९९४ चं जाडजूड चरित्र आणि लुकास्टा मिलर यांचं २००१ चं ब्राँटी-दंतकथेवरचं पुस्तक, दोन्ही जमल्यास वाचा. बार्करबाई स्थानिक वर्तमानपत्रं उपसून काढतात, आणि पॅट्रिक सभा घेणारा, पत्रं लिहिणारा सार्वजनिक माणूस म्हणून समोर येतो. तरी प्राध्यापकांच्या टिपणांत अजून माळरानच आहे. परीक्षेत 'लँडस्केपचं महत्त्व' विचारतात, 'पगाराचं महत्त्व' कुणी विचारत नाही.

वेळ संपत आली. पुढच्या वेळी आम्ही शार्लटची 'शर्ली' घेणार आहोत, जी फारशी कुणी वाचत नाही. तिची सुरुवात माळरानाने होत नाही. तीन तरुण क्युरेट एका घरमालकिणीकडे जेवायला बसलेत, भाकरी पुरत नाही, मांस चिवट म्हणून कुरकुर चाललीय, आणि ती बाई मनातल्या मनात त्यांना चांगलं ओळखून आहे. त्यांतला एक ऑक्सनहोपच्या खऱ्या क्युरेटवरून घेतला असं मानतात. शार्लटने हे १८४९ मध्ये पूर्ण केलं, तिघं भावंडं गेल्यावर, वडील पाण्याचा अर्ज पाठवत होते त्याच महिन्यांत. पहिली दोन प्रकरणं वाचून या. आता प्रश्न घेऊ.